जमदाड, बिचवा आणि त्यांचीं म्यानें : आंबेनळीच्या माथ्यावरील एका देखाव्यासंबंधीं

शके 1581, विकारी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार, म्हणजे इ. स. 1659च्या नोव्हेंबर महिन्याची 10वी तारीख, ह्या दिवशीं प्रतापगडाखालीं श्रीशिवछत्रपति व विजापूरचा सरदार अफजलखान यांची भेट होऊन खान मारला गेला. ह्या प्रसंगावर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत मोठी भर घालण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु पुष्कळ लहान आहे. पोलादपुराहून आंबेनळी घाटानें, म्हणजे इंग्रजी अमदानींत ज्यास फिट्झजेरल्ड घाट म्हणत त्या वाटेनें, वर चढून वाडा-कुंभरोशीपाशीं आलें म्हणजे गडाचा फाटा फुटतो. ह्या तिथीस गडावर शिवप्रताप दिन साजरा होतो, आणि घाटाखालीं काय व घाटावर काय, शाळांतून, उत्सवांतून व रंगभूमीवर भेटीचा देखावा करून दाखविण्याची चाल आतां रूढ झाली आहे. हे देखावे करणारांपुढें तीन प्रश्न येतात. खानाच्या हातीं कोणतें शस्त्र द्यावें, महाराजांच्या हातीं कोणतें द्यावें, आणि हीं शस्त्रें म्यानांत असावींत कीं उघडीं? पहिल्या दोहोंचा विचार थोडाबहुत होतो. तिसऱ्याचा बहुधा कोणी करीत नाहीं. परंतु आमच्या मतें पहिला वार कोणी केला ह्या वादग्रस्त गोष्टीचा उलगडा प्रेक्षकांस होणें न होणें ह्या तिसऱ्या प्रश्नावरच अवलंबून आहे.

प्रथम साधनांचा क्रम लावूं. जेधे शकावली मितीपुरती घ्यावी. अज्ञानदासाचा (कोणी अगिनदास असेंही वाचतात) पोवाडा हा प्रसंगाच्या अगदीं निकटचा मानला जातो. तो ऍकवर्थ व शाळिग्राम यांच्या 1891च्या संग्रहांत छापला आहे. कवींद्र परमानंदाचें शिवभारत महाराजांच्याच कारकीर्दींतलें. त्याची पोथी तंजावरास मिळाली व स. म. दिवेकर यांनीं ती 1927 सालीं पुण्यास प्रसिद्ध केली. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली, म्हणजे प्रसंगानंतर 35-40 वर्षांच्या आंतली. खाफीखान 18व्या शतकांतला व परपक्षाचा. मल्हार रामराव चिटणीस व ग्रँट डफ हे तर 19व्या शतकाच्या आरंभींचे. देखावा करणारांची सामान्य खोड अशी कीं, ह्या सर्वांतून जें जें डोळ्यांत भरेल तें तें उचलावयाचें : डफाची बाही, सभासदाचें वाघनख, आणि खानाच्या हातीं कोणाच्याच ग्रंथांत नसलेला एखादा जडावाचा खंजीर. असल्या मिश्रणानें देखावा सजतो, पण तो कोणत्याच साधनाचा राहत नाहीं. एक साधन धरावें व शेवटपर्यंत त्याच्याशीं इमान राखावें, हा आमचा पहिला आग्रह आहे. आम्ही येथें मुख्यतः सभासद धरितों. कारण शस्त्रांच्या तपशिलांत तो इतरांहून बारीक आहे.

सभासदानें खानाच्या हातीं दिलेल्या शस्त्राचें नांव ‘जमदाड’ असें आहे. हा शब्द आतां बोलण्यांतून गेल्यामुळें त्याचा अर्थ कोणी सुरा करितो, कोणी खंजीर. मूळ शब्द यमदंष्ट्रा, म्हणजे यमाची दाढ, ह्याच्या घराण्यांतला दिसतो. आईने अकबरीच्या प्रतींतून शस्त्रांचीं चित्रें आहेत. त्यांत ‘जमधर’ ह्या नांवाखालीं जी आकृति येते ती आपण आज जीस कट्यार म्हणतों तीच : दोन समांतर दांडे, त्यांच्यामध्यें मुठींत धरावयाचे आडवे गज, आणि मनगटाच्या सरळ रेषेंत पुढें निघणारें त्रिकोणी, दुधारी पातें. उलट ‘कटारा’ म्हणून त्या चित्रांत जें दाखविलें आहे तें सुरीसारख्या मुठीचें निराळेंच हत्यार आहे. 1880 सालीं एगर्टन यांनीं हिंदी शस्त्रांची यादी छापली. त्या सुमाराच्या यादीकारांनीं आडव्या मुठीच्या शस्त्रास कटार हें नांव कायम करून टाकिलें व पुढें सर्वांनीं तेंच गिरविलें. नांवांची ही अदलाबदल ध्यानांत ठेविली म्हणजे सभासदाची जमदाड व शिवभारतांतील खानाची कट्यार ह्यांत विरोध उरत नाहीं. शिवभारतांतही खान डाव्या हातानें महाराजांची मान धरितो व उजव्या हातानें कुशींत कट्यार खुपसतो, असेंच वर्णन आहे. दोन स्वतंत्र साधनें एका शस्त्रावर येऊन मिळतात. तेव्हां खानाच्या हातीं आडव्या मुठीची कट्यारच पाहिजे, ह्याविषयीं आम्हांस संशय वाटत नाहीं.

शस्त्राची जातही प्रसंगास साजेशी आहे. एका हातानें प्रतिपक्ष्याचें डोकें काखेंत दाबलें असतां तरवार उपसण्यास व फिरविण्यास जागाच नसते. कट्यारीचा वार फिरवावा लागत नाहीं. मूठ पुढें रेटली कीं पातें पुढें जातें. चिलखतावर चालावयाच्या कट्यारींची अणी मुद्दाम जाड व चौकट ठेवलेली असे, म्हणजे ती कड्यांत शिरून कड्या फोडी. सभासद म्हणतो कीं महाराजांच्या आंगांत ‘जरीची’ कुडती होती व जमदाड तिच्यावरून खरखरत गेली. येथें ‘जरी’ म्हणजे सोन्यारुप्याची तार असें समजून कित्येक देखाव्यांत महाराजांस भरजरी अंगरखा चढवितात. आमच्या मतें हा शब्द फारशी ‘जिरह’ म्हणजे कड्यांचें चिलखत ह्याचा अपभ्रंश आहे. भरजरी कापडावरून पोलाद खरखरत जाऊन आंगास न लागतां निघून जाईल हें संभवत नाहीं; लोखंडी कड्यांवरून जाईल. उलट खानाच्या आंगांत नुसता झगा होता असें तोच बखरकार सांगतो. म्हणून खानाच्या सोंगास चिलखत घालणें चूक होय. धिप्पाडपणा दाखविण्याच्या हौसेनें हें वारंवार होतें.

आतां म्यानाकडे वळूं. सभासदाच्या वाक्यांत खानानें जमदाडीचें ‘मेण’ टाकून ती कुशींत चालविली असा शब्द आहे. मेण म्हणजे मधाच्या पोळ्याचें मेण नव्हे. फारशी ‘मियान’ ह्याचेंच तें जुन्या मराठींतलें रूप, आजचें म्यान. एवढ्या धांदलीच्या प्रसंगाचें वर्णन करितांना बखरकार म्यानासाठीं शब्द खर्च करितो, ही गोष्ट आम्हांस मोठी महत्त्वाची वाटते. शस्त्र खानाच्या हातांत होतें, पण म्यानासह होतें. आलिंगन झालें तोंवर तें म्यानांतच होतें. डोकें काखेंत आल्यावर म्यान गळून पडलें. म्यान टाकणें ही आपोआप होणारी गोष्ट नाहीं. तो हेतु आहे. सभासदाच्या कथनांत पहिला शस्त्रप्रयोग खानाचा, हें वाचकास ह्या एका शब्दानें कळतें.

ह्याच्या उलट ग्रँट डफाचा इतिहास पाहा. 1826 सालीं छापलेल्या ह्या ग्रंथांत आलिंगन चालू असतां वाघनखाचा वार महाराजांचा पहिला, व खान त्यानंतर तरवार उपसून वार करितो. तेथें जमदाडही नाहीं व तिचें म्यानही नाहीं. म्हणजे खानाचें सोंग घेणाऱ्यानें कमरेची तरवार उपसली तर तो डफाचा इतिहास करून दाखवितो. हातांतल्या कट्यारीचें म्यान सोडलें तर सभासदाचा. आणि आरंभापासूनच उघडी कट्यार घेऊन शामियान्यांत शिरला, जसें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे, तर तो कोणाचाच करून दाखवीत नाहीं. कारण उघडें शस्त्र घेऊन येणाऱ्यास आलिंगन द्यावयास कोण पुढें होईल? शिवभारतकार तर असें सांगतो कीं, विश्वास उपजावा म्हणून खानानें आपली तरवार जवळच्या माणसाच्या हातीं दिली. ज्यास हें साधन धरावयाचें असेल त्यानें खानाच्या कमरेस तरवार ठेवूं नये, ती सेवकाच्या हातीं म्यानासुद्धां द्यावी.

कट्यार नेहमीं शेल्यांत खोचीत. दक्खनी तसबिरींतून कमरबंदांत तिरपी खोचलेली कट्यार दिसते, आणि तिच्या म्यानास तरवारीच्या म्यानाप्रमाणें पट्ट्याच्या कड्या नसतात. फार तर एखादी गोफाची दोरी असते. शेल्यांतली कट्यार उपसली तर म्यान शेल्यांतच राहतें, तें टाकण्याचा प्रश्न येत नाहीं. सभासदाच्या वाक्यावरून जमदाड हातींच होती असें आम्ही वाचतों. कोणी म्हणेल कीं ‘टाकून’ म्हणजे केवळ ‘सोडून’, आणि कट्यार शेल्यांतूनच उपसली असावी. भाषेच्या दृष्टीनें हा अर्थ अशक्य नाहीं. परंतु ‘हातींची’ ह्या विशेषणाची वाट मग काय लावावयाची? आमचा अर्थ घेतल्यास म्यानाविषयीं दोन गोष्टी ठरतात. एक, त्यास दोरी नसावी. दोन, त्याचें तोंड सैल असावें. कारण डावा हात गुंतलेला असतां उजव्या हाताच्या एका झटक्यानें तें निघून पडलें पाहिजे. हल्लीं बाजारांत मिळणारीं कट्यारींचीं म्यानें पत्र्याचीं, रंग दिलेलीं व घट्ट असतात. तीं एका हातानें निघत नाहींत, आणि निघून पडलींच तर खणखणतात. जुनें म्यान म्हणजे लांकडाच्या दोन फाळ्या सांधून वर मखमल किंवा कातडें चढविलेलें, मागच्या अंगास शिवण, तोंडाशीं मोहनाळ व टोंकास लोखंडाची, पितळेची किंवा रुप्याची तहनाळ. गालिच्यावर पडलें तर त्याचा आवाज शेजारच्या माणसासही येणार नाहीं. अंतरावर उभ्या असलेल्या सय्यद बंडास काय चाललें आहे हें प्रथम कां उमगलें नसावें, ह्यासंबंधीं ज्यास तर्क करावयाचा असेल त्यानें मखमली म्यान हातांत धरून पाहावें.

महाराजांकडील शस्त्रांचा विचार अधिक नाजूक आहे. बिचवा व वाघनख हीं दोन्ही नांवें पोवाड्यांत आहेत व सभासदाच्या बखरींतही आहेत. सभासदाप्रमाणें डाव्या हातीं वाघनख, उजव्या हातीं बिचवा, आणि वारही त्याच क्रमानें. शिवभारतांत वाघनखाचें नांव नाहीं. खाफीखान बिचव्याचें नांव देतो व तो हाताच्या बोटांवर चढवून बाहीखालीं लपविला होता असें म्हणतो. हें त्याचें वर्णन वाचून कित्येकांनीं खाफीखानानें बिचवा व वाघनख ह्यांत घोटाळा केला असें ठरविलें आहे. परंतु बिचव्याची मूठ ज्यानें पाहिली आहे त्यास हा आक्षेप तितका जड वाटणार नाहीं. बिचव्यास तरवारीसारखी दांड्याची मूठ नसून बोटें शिरावयाचा बंद फांसा असतो; तो बोटांवर ‘चढवावाच’ लागतो. शिवाय बिचव्याच्या मुठीसच वाघनखें जोडलेलीं जोडशस्त्रेंही संग्रहालयांतून आढळतात. म्हणून खाफीखानाचें वाक्य एकदम टाकाऊ समजूं नये.

बिचवा म्हणजे विंचवाची नांगी. पातें अरुंद, दुधारी, दोनदां वांकलेलें. हा बांक म्हशीच्या किंवा रेड्याच्या शिंगाच्या हत्यारापासून आला असें शस्त्रज्ञ मानतात, आणि एकदां शिंग डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे तें पटतें. पात्याची लांबी साधारण 8 ते 10 इंच. हें पातें सरळ म्यानांत जात नाहीं. त्याचें म्यान करावयाचें तर दोन्ही बांक सांभाळून, तोंड रुंद ठेवून करावें लागतें, आणि बाहींत लपविलेल्या शस्त्राचें म्यान सोडण्यास तिसरा हात हवा. म्हणून देखाव्यांत महाराजांचा बिचवा म्यानाशिवाय, उघडा, हातांत किंवा बाहींत असावा. ह्यावर आमच्या कांहीं स्नेह्यांचा आक्षेप असा कीं, एका बाजूस म्यानांतलें शस्त्र व दुसऱ्या बाजूस उघडें शस्त्र असें दाखविलें तर महाराजांकडे कमीपणा येतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. सभासद महाराजांचा पक्षपाती असूनही बिचवा व वाघनख चढवून महाराज भेटीस गेले हें लपवीत नाहीं. दगा होणार ह्या खात्रीनें केलेली ती तयारी होती. तयारी एका बाजूची व प्रथम प्रहार दुसऱ्या बाजूचा, हें दोन्ही दाखवावयाचें तर एक शस्त्र उघडें व एक म्यानांत ह्यावांचून मार्ग नाहीं. जें बखरकारानें झांकलें नाहीं तें आपण कां झांकावें?

वाघनखाच्या बाबतींत देखाव्यांतून सर्वांत अधिक अतिशयोक्ति होते. हाताच्या पालथ्या बाजूनें बाहेर आलेलीं, वीतभर लांब, चकचकीत नखें हीं नाटकी होत. ह्या जातीच्या शस्त्राचा मुख्य गुण लपणें हा आहे. तळहाताच्या आंतून आडवी पट्टी, तिच्या दोन टोंकांस दोन वेढीं, एक तर्जनीचें व एक करंगळीचें, आणि पट्टीस आंतल्या बाजूनें चार किंवा पांच वांकडीं नखें. मूठ मिटली म्हणजे बाहेरून बोटांतलीं दोन वेढीं मात्र दिसतात, जीं कोणीही आंगठ्या समजेल. बडोद्यास गायकवाडांच्या दरबारीं नखें चढवून कुस्ती खेळत असत. फ्रेंच प्रवासी रुसेले यानें 1860च्या दशकांत ती पाहून वर्णिली आहे, व तीं नखें शिंगाचीं होतीं. ह्यावरून एवढेंच दिसतें कीं शस्त्राची जात पश्चिम हिंदुस्थानांत जिवंत होती.

ग्रँट डफ 1818 ते 1822 पर्यंत साताऱ्यास होता. त्यानें विलायतेस नेलेलें व त्याच्या वंशजाकडून लंडनच्या व्हिक्टोरिया ऍण्ड अल्बर्ट संग्रहालयास मिळालेलें वाघनख 2024च्या जुलै महिन्यांत साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत प्रदर्शनासाठीं आणिलें गेलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याच्या पेटीवरील लेखांत हें शिवाजीचें वाघनख असून पेशव्याच्या प्रधानाकडून डफास मिळालें असें म्हटलें आहे; आणि ज्यास मारिलें त्यास त्या लेखानें मोगल सेनापति ठरविलें आहे. अफजलखान आदिलशाही सरदार होता, मोगल नव्हे. म्हणजे पेटीवरील मजकूर लिहिणारास मूळ प्रसंगाची नीट माहिती नव्हती. तेंच वाघनख त्या दिवशीं वापरलें गेलें कीं नाहीं ह्याची खात्री देतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंही स्पष्ट केलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, देखाव्याकरितां नमुना म्हणून तें वाघनख अवश्य घ्यावें, कारण त्याची घडण वर सांगितलेल्या जातीची आहे. पुरावा म्हणून त्यावर भार टाकूं नये. जातां जातां संग्राहकांस एक सूचना. जुन्या याद्यांतून ‘वाघनख’ हा शब्द मुलांच्या गळ्यांतल्या दागिन्यासही येतो. यादी दागिन्यांची कीं हत्यारांची हें पाहिल्याशिवाय त्यावरून शस्त्र सिद्ध करूं नये. आणि खऱ्या वाघाच्या नखांचा मोह तर 1972च्या वन्यजीव कायद्यानें मुळींच करूं नये असा केला आहे.

आतां काय घेऊं नये हें थोडक्यांत. जडावाच्या किंवा संगेयशबाच्या मुठीचे पेशकब्ज व खंजीर दरबारी तसबिरींत शोभतात. वरील साधनांत त्यांस जागा नाहीं. रुंद वांकड्या पात्याचा जंबिया मराठी रंगभूमीवर फार दिसतो, पण तो मराठ्यांच्या चाकरींतील अरबांबरोबर आलेला, म्हणजे शतकाहून अधिक काळ अलीकडचा. मूठ दाबतांच कात्रीसारखें उघडणाऱ्या, किंवा दोन बाजूंस पिस्तुलें बसविलेल्या कट्यारी ह्या बहुतेक 19व्या शतकांतील करामती. पात्यापासून मुठीपर्यंत सोन्याची वेलबुट्टी भरलेल्या, पंजाबांत प्रदर्शनांसाठीं केलेल्या कट्यारीही त्याच वर्गांतल्या. खानासारख्या मोठ्या सरदाराच्या कट्यारीस रुप्याची किंवा मुलाम्याची मोहनाळ-तहनाळ शोभेल. त्याहून अधिक थाट नको. दक्षिणेंत 17व्या शतकांत फिरंगी तरवारीचें मोडकें पातें कापून कट्यारीस बसविण्याची चाल होती, हें लक्षांत ठेविल्यास तसलें पातेंही अयोग्य ठरणार नाहीं.

म्यान व पातें एकाच काळाचें, एकाच प्रांताचें असावें हा दंडक आमचाच आहे असें नव्हे. युरोपांत रोमन सैनिकांचे देखावे करणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यांतही पुगियो नांवाच्या आंखूड दुधारी खंजिराविषयीं हाच वाद चालतो. हा खंजीर रोमनांनीं स्पेनांतील लोकांपासून उचलला. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत त्याचीं म्यानें लोखंडी पत्र्याचीं, वर पितळेचें किंवा रुप्याचें जडकाम व मिनेकारी केलेलीं, कमरपट्ट्यास अडकवावयाच्या कड्यांचीं असत. दुसऱ्या शतकाच्या आरंभींच्या ट्रेजन बादशहाच्या स्तंभावरील सैनिकांजवळ तो दिसत नाहीं, आणि पुढें तो मोठ्या आकारांत पुन्हा आढळतो. तेव्हां ट्रेजनच्या सैनिकाचा वेष करून कमरेस शंभर वर्षांपूर्वींचें मिनेकारीचें म्यान लटकविणारास तेथील जाणते हटकतात. पात्यांपेक्षां म्यानांनीं काळ अधिक नेमका सांगतां येतो, हें त्यांस उत्खननांतून कळलें. कारण पात्याची घडण शतकभर टिकते, सजावट मात्र पिढीपिढीस बदलते. आमच्याकडे उत्खननांतून म्यानें निघत नाहींत. लांकूड व मखमल कोंकणच्या व मावळच्या पावसांत टिकत नाहीं, आणि जीं घरांत टिकलीं त्यांवर पुढील पिढ्यांनीं नवी मखमल चढविली. ह्यामुळें पातें 17व्या शतकाचें व म्यान 19व्याचें, असे जोड आपल्या संग्रहांत सर्रास आहेत. असा जोड पाहून तसाच्या तसा नमुना घेणें धोक्याचें. पाहावयाचेंच तर मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय व कोल्हापूरचा नवा राजवाडा हीं ठिकाणें आहेत. पण तेथें पातें व म्यान निरनिराळे समजून पाहावे.

घडविण्यासंबंधीं दोन शब्द. पोलादपूर ह्या नांवांत पोलाद आहे म्हणून तेथें शस्त्रें घडत असत, असा सिद्धान्त आम्ही मांडीत नाहीं; नांवांवरून इतिहास काढण्याच्या छंदानें पुष्कळांस फसविलें आहे. दक्षिणेंतील उत्तम पोलादाचें एक प्रसिद्ध ठिकाण तेलंगणांतील कोनसमुद्रम् हें होतें. देखाव्याच्या शस्त्रास मात्र पोलाद नकोच. लांकडाचें किंवा ऍल्युमिनियमचें, बोथट धारेचें व गोल केलेल्या अणीचें पातें पुरे. 1959च्या शस्त्र-अधिनियमाखालील नियमांत 9 इंचांहून लांब अथवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा वेगळा विचार केलेला आहे, आणि कट्यारीचें पातें मुठीजवळ 2 इंचांहून रुंद सहज भरतें. म्हणून आधीं पोलीस ठाण्यांत विचारून घ्यावें. पातें खोटें चालेल. म्यान मात्र खऱ्या रीतीनें करावें, कारण त्यास कायद्याची आडकाठी नाहीं व खर्चही थोडा : हलक्या लांकडाच्या दोन फाळ्या, सरस, मखमलीचा तुकडा व पितळेचा पत्रा. सुतार व शिंपी मिळून तें एका दिवसांत करतील. खानाचें काम करणाऱ्यानें तें एका हातानें सोडण्याची संवय आठ दिवस आधींपासून करावी, आणि प्रेक्षकांच्या बाजूस तें पडेल असें उभें राहावें.

शेवटीं संग्राहकांस विनंति. शिवकालीं झालेल्या राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग म्हणून स्वतंत्र भाग आहे. हत्यारांचीं नांवें जुळवितांना आधुनिक यादीकारांआधीं तो पाहावा. जावळी, पोलादपूर व महाड ह्या टापूंतील जुन्या घरांतून कट्यारी आजही देवघरांत असतात व दसऱ्यास पूजेस निघतात. पातें घांसून लख्ख करितात आणि कुजलेलें म्यान अडगळ म्हणून टाकितात. तें टाकूं नये. मखमल फाटली असल्यास तिच्या खालीं दुसऱ्या रंगाचें कापड आहे काय हें पाहावें, तहनाळ सुटली असल्यास ती निराळी बांधून ठेवावी, तोंडाची रुंदी व फाळ्यांचें लांकूड टिपून घ्यावें. आणि रुमालांत हत्यारांच्या याद्या सांपडल्यास ‘मेण’, ‘म्यान’, ‘मोहनाळ’, ‘तहनाळ’, ‘जमदाड’ हे शब्द ज्या रूपांत असतील त्याच रूपांत, सुधारणा न करितां, नकलावे. यादीच्या बंदावर शक किंवा मिती असेल तर ती सर्वांआधीं उतरून घ्यावी.